दुखण्याचे भागीदार

ता. ८ जानेवारी

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे मी बरी आहे, म्हणजे सकाळी उन्हं वर येईपर्यंत लाकूड आणि त्यानंतर माणूस. तुझं पाडकाम कसं चाललंय? फोनवर तू नुसता हं-हं करतोस आणि मागे भिंती कोसळत असतात, म्हणून हे पत्र. शिवाय आमच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, जाड पेनाने रोज थोडं लिहिलं तर बोटं आखडून बसत नाहीत. तेव्हा माझ्या व्यायामाचा भार आता तुझ्यावर.

बातमी अशी, की मी संधिवाताच्या संशोधनात रुग्ण-भागीदार झाले आहे. हसू नकोस. भागीदार म्हटल्यावर तुला नफ्यातला वाटा आठवेल. इथे वाटा फक्त बिस्किटांचा. आमच्यावर औषधं करून बघत नाहीत. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर एका लांब टेबलाशी डॉक्टर, नर्स आणि आम्ही काही दुखणेकरी बसतो. त्यांना हातांच्या दुखण्याचा अभ्यास करायचाय, आणि पेशंटला काय विचारायचं, कसं विचारायचं हे ते आमच्याशी बोलून ठरवतात. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, की मूठ दाबून ताकद मोजायचं ते यंत्र सकाळी सकाळी आमच्या हातात देऊ नका, त्या वेळी आम्हाला मूठच नसते. ते पटलं त्यांना. मग मला चेव आला आणि थंडीवर मी एक लांबलचक भाषण ठोकलं. डॉक्टरीणबाईंनी माझीच जुनी फाईल काढून दाखवलं, की माझं दुखणं सगळ्यात जास्त भडकलं होतं ते भर उन्हाळ्यात. इतकी वर्षं शहराची बस चालवली, कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही, ते आता शिकतेय.

माझ्या शेजारच्या खुर्चीत एक बाई असते. तसबिरींना चौकटी करून द्यायचं तिचं दुकान आहे, म्हणून आम्ही तिला फ्रेमवाली म्हणतो. वयाने तुझ्याएवढी. हसरी, पण दार वाजलं की दचकते. संधिवात दोन्ही हातांना बहुतेक सारखाच धरतो, आणि हिच्या एकट्या डाव्या हाताची बोटं काळीनिळी, नखं फुटलेली. काच पडली म्हणाली. मीटिंग संपल्यावर बेसिनपाशी तिला नळ फिरवता येईना, तो मी सोडून दिला, आणि त्या पाण्याच्या आवाजात तिने मला खरं सांगितलं.

नवरा टेम्पो चालवतो. त्याचं म्हणणं, घरकाम करताना दुखणारे हात मीटिंगला जाताना बरे कसे होतात. त्याने तिचा हात टेबलाच्या खणात धरला आणि गुडघ्याने खण बंद केला. उघडला, परत बंद केला. ती ओरडली नाही, कारण ओरडलं की त्याला जास्त जोर येतो.

मी तिला तशीच नर्सकडे घेऊन गेले. पोलीस, वकील, राहायची सोय, सगळं नर्सने नीट समजावलं. फ्रेमवाली म्हणाली, आज नको. मी माझ्या मागच्या खोलीची किल्ली तिच्या पर्समध्ये टाकली आहे.

तुला हे सांगितलं कारण सांगितल्याशिवाय मला राहवेना. तू यात पडू नकोस. जेवत जा. लोभ आहेच, तो अधूनमधून कागदावरही दिसू दे.

तुझी,
ताई


ता. १९ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र साइटवर मिळालं. तीन मजली गोदाम पाडतोय, वरून खाली येत येत. पोरं म्हणतात मुकादम आज घण असा का मारतोय, भिंतीने काय केलंय. मी त्यांना काय सांगणार?

डॉक्टरीणबाईंच्या मांडीला मांडी लावून बसतेस याचं कौतुक वाटलं. आता घरी येईन तेव्हा नमस्काराऐवजी नाडी दाखवायची का ते कळव.

पण त्या टेम्पोवाल्याचं काय चाललंय तुमचं? नर्सने समजावलं, वकील समजावतील. ताई, त्या माणसाला समजावणीची भाषा कळत असती तर त्याने बायकोचा हात खणात घातला असता का? तू मला फक्त पत्ता दे. मी त्याला मारणार नाही, नुसता भेटणार आहे. माझ्याकडे बघितलं की निम्मे लोक आपणहून सुधारतात. मला बारक्या म्हणणारी जगात तू एकटीच आहेस. बाकीचे रस्ता बदलतात.

तुझ्या अंगाला कुणी बोट लावलं तर मात्र मी भेटण्यावर थांबणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

मोठ्यांचा हात डोक्यावर असू द्यावा, दुखत असला तरी.

तुझा,
बारक्या


ता. ४ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद. वि. वि.

अक्षर माझं नाही हे बघून घाबरू नकोस. सांगतेय मी, लिहितेय फ्रेमवाली. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. आधी सगळं वाच, मग काय ते आदळआपट कर.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात ती किल्ली घेऊन माझ्याकडे राहायला आली. त्याने दुकान धुंडाळलं, तिच्या मैत्रिणींची दारं वाजवली, शेवटी मीटिंगचा दिवस साधला. आम्ही टेबलाशी बसून सांधे सुजतात या शब्दांवर वाद घालत होतो. तो आत आला, हातात चाकाचे नट खोलायचा लोखंडी पाना. मला वाटलं दुरुस्तीला कुणी आलंय. नर्स उठली, कोण हवंय विचारायला पुढे गेली, आणि त्याने पाना तिच्या खांद्यावर घातला. हाड मोडलेलं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. डॉक्टरीणबाई फोनकडे धावल्या, त्यांच्या पोटात लाथ बसली, त्या कपाटावर आपटल्या आणि काचेने कपाळ फाटलं. मग त्याने हिचा डावा हात मनगटाशी धरून टेबलावर आपटला, पाना उचलला आणि आम्हालाच म्हणाला, की हाच हात तपासता ना तुम्ही, मग नीट बघून घ्या.

उकळत्या पाण्याची किटली माझ्याजवळ होती. एरवी मी तिला हातही लावत नाही, कप भरायला दुसऱ्याला सांगते. कशी उचलली ठाऊक नाही. दोन्ही मनगटांत अडकवून उचलली आणि त्याच्या मानेवर रिकामी केली. तो कातडी सोलल्यासारखा किंचाळला आणि पाना माझ्याकडे फिरवला. कोपराखाली दोन ठिकाणी मोडलंय. पण त्याचा पाय पाण्यावरून घसरला, आणि तो पडल्याबरोबर मी त्याच्या छातीवर बसले. आमच्यातले एक निवृत्त पोस्टमन, दोन्ही गुडघे कृत्रिम, ते कण्हत कण्हत त्याच्या पायांवर बसले. पोलीस येईपर्यंत आम्ही दोघं त्याच्यावर आणि तो खालून माझी मांडी चावतोय. पोस्टमन मला म्हणाले, की बाई, खाली बसायला डॉक्टरांनी मला सक्त मनाई केली आहे.

नर्सच्या खांद्यात धातूची पट्टी घालणार आहेत. डॉक्टरीणबाईंना टाके पडले. आणि तो जामिनावर सुटलाय. वकिलाने भाजलेली मान दाखवली आणि आमचीच क्रूरता सांगितली. आता बाजारामागच्या टेम्पोच्या अड्ड्यावर तो मानेला फडकं गुंडाळून बसतो. त्याने आमच्या गल्लीत यायचं नाही असा हुकूम आहे. खटला उभा राहील, आम्ही सगळे साक्ष देणार आहोत. म्हणून तू येऊ नकोस. ऐकतोयस ना? येऊ नकोस.

ताईंनी सांगितलेलं संपलं. पुढचं माझं. तुम्ही मला ओळखत नाही. माझ्यामुळे त्यांचा हात मोडला हे मी विसरणार नाही. त्या कण्हतात तेव्हा मला तो आवाज स्वतःच्या अंगात ऐकू येतो. तुम्ही त्यांच्यासाठी शांत राहा, एवढी विनंती.

लोभ राखावा, आणि राग आवरावा.

तुझी ताई, आणि लिहिणारी


ता. ७ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न.

अड्डा कुठे ते तू लिहिलंसच. आज निघतो. जेवायला थांबू नकोस.

बारक्या


ता. २६ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, तरी लिहिते. अनेक आशीर्वाद.

मला तुरुंगात भेटू देत नाहीत, मी साक्षीदार आहे म्हणून. डाव्या हाताने लिहितेय, कोंबडीचे पाय उमटतायत, सांभाळून घे.

तू आलास, पाया पडलास, माझं प्लास्टर हातात धरून बघितलंस, पाणी प्यायलास आणि निघालास. मी ओरडत जिन्यापर्यंत आले. टॅक्सी करून मागोमाग अड्ड्यावर पोचले. पुढचं तुला रागात आठवत नसेल तर मी सांगते, कारण कोर्टातही हेच सांगणार आहे. तू त्याला टेम्पोतून पाय धरून ओढलंस. त्याचं डोकं पायरीवर आपटलं. तो बसूनच होता, त्याने हात जोडले होते, आणि तू त्याच्या जबड्यावर बुक्का मारलास. दात रस्त्यावर पडले. मग त्याचा एक हात जमिनीवर पसरवलास आणि पाडकामाच्या बुटाने त्याची बोटं चिरडलीस, मग दुसरा हात. तो बेशुद्ध झाल्यावरही तू थांबला नाहीस. चार टेम्पोवाले मिळून तुला ओढत होते.

बोटं चिरडण्याचा आवाज मी ओळखते रे. माझ्या डोक्यात तो रोज सकाळी होतो.

आता पुढचं ऐक. तो आमच्याच हॉस्पिटलात आहे. दोन्ही हात प्लास्टरमध्ये, जबडा तारांनी बांधलेला. जो परवापर्यंत गुन्हेगार होता तो आता बिचारा झालाय. त्याची आई आणि बहिणी येऊन फ्रेमवालीच्या पाया पडल्या, की याला चमच्याने भरवायला कुणी नाही, झालं गेलं विसर. ती गेली, बारक्या. माझ्या मागच्या खोलीतून पिशवी उचलून त्याला भरवायला गेली. माझ्यामुळे त्याचे हात गेले, असं म्हणत गेली.

आमचं संशोधन थांबलंय. वरिष्ठांचं म्हणणं, बाहेरच्या लोकांना टेबलाशी बसवण्यात धोका आहे. आधी एकीचा नवरा आला, मग दुसरीचा भाऊ. नर्स अजून घरी आहे. डॉक्टरीणबाई मला बघून मान वळवतात, की मलाच तसं वाटतं, कळत नाही.

सरकारी वकिलांनी मला बोलावलंय. मी जे बघितलं ते सांगणार. हे तुला माझ्याकडून आधी कळावं म्हणून लिहिलं.

तब्येत सांभाळ. माया कुठे जात नाही.

ताई


ता. ११ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून ज्या माणसाने ते आणून दिलं त्याचीच कॉलर धरली. त्याचे साथीदार तिघं होते. एक बरगडी गेली, डावी भुवई फुटली. इथे सगळे असंच बोलतात. बादली कुणाची यावरून काल एकाचा कान दातांनी तोडला. मी नाही तोडला, पण बघत उभा राहिलो.

तू माझ्याविरुद्ध साक्ष देणार? मी कुणासाठी गेलो होतो तिथे? त्याने तुझं हाड मोडलं आणि मी पेढीवरचा कारकून असल्यासारखा अर्ज लिहायला हवा होता? तुला कोर्टात एवढंच सांगायचंय, की अड्ड्यावर आधी त्याने पाना उचलला. नाहीतर सांग, की गर्दी होती, नीट दिसलं नाही. तुझ्या डोळ्यांना चष्मा आहे, कुणालाही पटेल. मी खोटं बोल म्हणत नाही. थोडं कमी बघ म्हणतोय.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस. माझ्या शाळेचा डबा भरून मग बसच्या ड्युटीवर जायचीस. त्या हातांवर कुणी लोखंड मारावं आणि मी ऐकून घ्यावं, हे मला जमणारं नव्हतं आणि जमणार नाही. पश्चात्ताप वगैरे मागू नकोस. त्याची बोटं मोडताना मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

साक्ष देणार असशील तर मला पत्र पाठवू नकोस.

बारक्या


ता. २३ ऑगस्ट

ताईंचे भाऊ यांस,

स. न. वि. वि.

तुम्ही पत्र नको म्हणालात ते ताईंना, म्हणून मी लिहिते. निकाल तुम्ही ऐकलात, पण तुम्हाला लगेच घेऊन गेले, त्यामुळे नंतरचं तुम्हाला कळलं नसेल.

आधी माझं सांगते. मी त्याला भरवायला गेले होते हे तुम्हाला ताईंनी लिहिलं असेल. सकाळ-संध्याकाळ सूप, औषधं, तोंड पुसणं. हॉस्पिटलातून घरी आणल्यावरही मीच. दोन्ही हात बांधलेले, बोलताही येत नव्हतं. मला वाटायचं, आता हा बदलेल, आता याला कळलं असेल. एक दिवस सूप थोडं गरम होतं. त्याने गुडघा वर घेतला आणि माझ्या पोटात मारला. मी पलंगाच्या कडेला कोसळले, तर टाचेने माझा हात दाबून धरला, तोच डावा, आणि तारांनी बांधलेल्या तोंडातून हसला. हात नव्हते तर त्याने पाय वापरले.

तेव्हा मला समजलं, की तुम्ही त्याचे हात मोडलेत, त्याला नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही मला सोडवलं नाहीत. उलट तुमच्या मारामुळे मी परत त्याच्या खाटेशी जाऊन बसले. मी त्याच्या टाचेला कडकडून चावले, हात ओढून काढला, वाटी तिथेच जमिनीवर टाकली आणि ताईंच्या मागच्या खोलीत आले ती आजपर्यंत तिथेच आहे. पोलिसांत पुन्हा तक्रार दिली, या वेळी मी स्वतः. पाना आणल्याच्या खटल्यात त्यालाही शिक्षा झाली आहे. दुकान परत उघडलंय. पातळ चौकटी जमतात, जाड लाकडाला माणूस ठेवलाय.

आता ताईंचं. साक्षीच्या दिवशी त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे बघत नव्हता, मी बघत होते. तुमच्या वकिलांनी विचारलं, की एवढ्या गर्दीत तुम्हाला सगळं स्वच्छ कसं दिसलं. त्या म्हणाल्या, की मी आयुष्यभर गर्दीतून बस चालवली, दिसत नसतं तर लोक मेले असते. मग विचारलं, की हा तुमचा सख्खा भाऊ ना. त्या म्हणाल्या, हो, मीच वाढवलाय, म्हणून तर मला सांगायला हवं. घरी आल्यावर त्या तडक बाथरूममध्ये गेल्या. प्लास्टर निघालेला हात त्यांनी भिंतीवर आपटला. मी मागून मिठी मारून धरलं, तर मला ढकलून दिलं. जेवल्या दुसऱ्या दिवशी, तेही मी रडले तेव्हा.

तुम्ही रागावलेले असाल तर रागवा. पण त्यांना लिहा. पोस्टमन काकांचे जुने सहकारी आमच्या गल्लीत टपाल आणतात, त्यांची सायकल थांबली की त्या खिडकीशी येतात.

कळावे, आपली कृपा ताईंवर असावी, माझ्यावर नसली तरी चालेल.

फ्रेमवाली


ता. २ डिसेंबर

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, त्यातल्या दोन हवापाण्यावर, पण मी ती पुन्हा पुन्हा वाचली. बरगडी जुळली हे वाचून जीव भांड्यात पडला. माझा हातही जुळलाय, थोडा वाकडा, बसच्या गिअरसारखा.

आमचं टेबल परत सुरू झालं. नर्सने सांगितलं, की खांदा तिचा मोडलाय तेव्हा धोक्याचं तिला ठरवू द्या, आणि तिला आम्ही सगळे हवे आहोत. आता दारावर रखवालदार असतो. पोस्टमन त्याला रोज विचारतात, की मला बसायला मदत करायची तुझी ड्युटी आहे का.

फ्रेमवालीने एक मागणी मांडली. हाताच्या दुखण्याचं सगळं विचारता, डबा उघडतो का, बटण लागतं का; पण या हातांना घरी कुणी इजा करतं का, हे कुणी विचारत नाही. आणि विचारायचंच तर सोबत आलेल्या नातेवाइकाला बाहेर बसवून विचारा, आणि हो म्हणाली तर पुढे काय करणार तेही आधी ठरवा. यावर आमची खूप भांडणं झाली. एक डॉक्टर म्हणाले हा संधिवाताचा विषय नाही. तिने आपले दोन्ही हात टेबलावर त्यांच्यासमोर ठेवले. मंजूर झालं.

नवीन प्रश्न आधी आमच्यावरच करून बघायचे असं ठरलं. मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. नर्सने विचारलं, घरी कुणी तुमच्यावर हात उचलतं का. मी म्हटलं, मी एकटी, आता ही फ्रेमवाली, ती काय उचलणार. हसलो दोघी. मग पुढचा प्रश्न होता, की जवळच्या कुणाची तुम्हाला भीती वाटते का.

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि अड्डा आठवला.

एक गोष्ट मी कोर्टात सांगितली नाही, कारण कुणी विचारलीच नाही. अड्ड्यावर तू त्याला मारत होतास तेव्हा मी मागून तुझा शर्ट धरला. तू वळलास. मूठ वर, तोंडावर त्याचं रक्त, आणि तू मला ओळखलं नाहीस. क्षणभरच असेल. मी प्लास्टरचा हात तोंडावर घेतला, जसा फ्रेमवाली दार वाजलं की घेते तसा. मग तू मला ओळखलंस आणि परत त्याच्याकडे वळलास. तुला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, तुझे दुधाचे दात पडले तेव्हा ते मी छपरावर फेकले, आणि मी तुला घाबरून तोंड झाकलं.

मी हो म्हटलं. नर्सने विचारलं, कोणाची. मी सांगितलं, माझ्या भावाची. तिने विचारलं, तो आता कुठे आहे. ते तिला ठाऊक होतं, पण विचारायचं असतं. मी सांगितलं.

हे तुला लिहू की नको याचा खूप विचार केला. फ्रेमवाली म्हणाली लिहू नका, तो आत भिंती फोडेल. पण तू माझ्यासाठी गेलो होतो असं म्हणतोस, तर त्या दिवसापासून मी कशी आहे हे तुला माहीत हवं. जिन्यावर जड पावलं वाजली की मी उठून कडी बघते. पावलं तुझी असतील असं वाटून एकदा दार उघडायला धावते आणि एकदा लावायला. दोन्ही खरं आहे.

सुटशील तेव्हा तुला यायला हे एकच घर आहे, आणि मी दार उघडणार आहे. त्याआधी तू मला याचं उत्तर लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल, हवापाण्यावर लिहू नकोस.

गरम कपडे पाठवते आहे, बाह्या मुद्दाम लांब घेतल्या आहेत. वाट बघते.

तुझी,
ताई